मिरजेत बसून छोटी रेल्वे: पहिल्या सहा फुटांची तयारी

माझं मिरजेत औषधांचं दुकान आहे. दिवसभर डॉक्टरांचं अक्षर वाचायचं आणि रात्री साडेनऊला शटर ओढलं की मागच्या खोलीत प्रतिकृती-रेल्वेचे छोटे रूळ जोडत बसायचं, असं सात वर्षं चाललंय. त्यातली पहिली दोन वर्षं फुकट गेली. पहिलं इंजिन मागवलं ते फोटो बघून, आणि डबे मागवले ते स्वस्त दिसले म्हणून. दोन्ही पार्सलं उघडून टेबलावर शेजारी ठेवली तर डबे इंजिनाच्या निम्मे. विकणाऱ्याने माप स्वच्छ लिहिलं होतं, मीच वाचलं नव्हतं. बायको म्हणाली, "डबे वाढतील हो, अजून लहान आहेत."

तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय. एक आधीच सांगतो: या छंदाला सगळं परदेशातून आणावं लागतं असा समज आहे, तो खोटा आहे. रूळ, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे तुकडे), बोग्या-चाकं आणि इंजिनाची चालती चासी (मोटर आणि चाकांसकट खालचा सांगाडा) बाहेरून आणावी लागते. बाकी सगळं मिरज-सांगलीच्या पेठांत मिळतं, फक्त ते रेल्वेच्या नावाने मिळत नाही.

१. आधी माप पक्कं करा

बाजारात मुख्यतः तीन मापं दिसतील. एचओ म्हणजे १:८७, ओओ म्हणजे १:७६, आणि एन म्हणजे १:१६०. ब्रिटिश एन थोडं मोठं, १:१४८. एचओ आणि ओओ दोन्ही १६.५ मिमी रुंदीच्या रुळांवर चालतात, म्हणून नवखा माणूस त्यांची सरमिसळ करतो आणि मग डब्याच्या दारापुढे माणूस राक्षसासारखा दिसतो. एनचे रूळ ९ मिमीचे.

माझा सल्ला एचओचा. एन जागा कमी खातं हे खरं, पण चाळिशीनंतर डोळे साथ देत नाहीत. हिशेबही सोपा: खरं माप मिलिमीटरमध्ये घ्या आणि ८७ने भागा.

आता आपली भारतीय अडचण. मिरज जंक्शनवर एकेकाळी तिन्ही तऱ्हेचे रूळ होते: ब्रॉडगेज, मीटरगेज, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज. ब्रॉडगेज १६७६ मिमी. भागिले ८७ म्हणजे १९.३ मिमी. पण एचओचे तयार रूळ १६.५चे, कारण ते १४३५ मिमीच्या युरोपी-अमेरिकी रुळांसाठी आहेत. म्हणजे आपली गाडी प्रत्येक बाजूला साधारण १.४ मिमी आत उभी राहणार. काही हौशी मंडळी १९.३चे रूळ हाताने जोडतात. मी त्यांना नमस्कार करतो आणि १६.५वर चालवतो. बाजूने बघितलं तर बोगीच्या (डब्याखालच्या चाकांच्या गाड्याच्या) फ्रेममागे चाकं झाकली जातात. समोरून फोटो काढायचा नाही, इतकंच पथ्य.

नॅरोगेजवाल्यांची मात्र चंगळ आहे. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.८, आणि एनचे ९ मिमीचे रूळ आयते मिळतात. आरग, कवठेमहांकाळ, ढालगावची छोटी गाडी ज्यांनी लहानपणी पाहिली आहे त्यांनी जरूर तिकडे वळावं, पण दुसऱ्या प्रयत्नात. त्या गाडीचं तयार काही मिळत नाही, सगळं हाताने करावं लागतं.

मापाबरोबर काळही ठरवा. पुणे-मिरज मार्गावर आता विजेच्या तारा आल्या आहेत. आजचं मिरज करायचं तर खांब आणि तारा आल्या, आणि झाडझूड करताना पहिल्याच आठवड्यात बाही अडकून चार खांब आडवे होतात. डिझेलचा काळ धरा.

२. सहा फूट लांब, एक फूट रुंद. जास्त नाही

प्रत्येकाला पहिल्यांदा गोल फिरणारी गाडी हवी असते. एचओमध्ये गोलाची त्रिज्या निदान १८ इंच लागते, आणि सहा चाकजोड्यांचं लांब इंजिन चालवायचं तर २२-२४ इंच. म्हणजे किमान चार-साडेचार फूट रुंद फळी. ती कुठे ठेवणार? माझी पहिली पलंगाखाली होती. गाडी दहा फेऱ्या फिरली की बघणाऱ्याला कंटाळा येतो, अकराव्या फेरीला तुम्हालाही.

त्यापेक्षा शंटिंगचं, म्हणजे वॅगन मागे-पुढे करून जुळवायचं, यार्ड करा. दोन सांधे आणि तीन मार्गिका. लांब मार्गिकेत पाच वॅगन मावतील, बाकी दोन्हींत तीन-तीन, आणि पुढे इंजिनासह तीन वॅगन उभे राहतील एवढी मान, म्हणजे मागे-पुढे करायला रुळाचा मोकळा तुकडा. आठ वॅगन कसेही मिसळायचे, चिठ्ठ्या टाकून पाच निवडायचे आणि ते ठरलेल्या क्रमाने लावायचे. ही जुनी इंग्लिश रचना आहे. तिचं नाव इंगलनूक. दिसायला पोरखेळ, पण एकेक डाव वीस मिनिटं खातो.

जागेचा हिशेब: वॅगन साधारण १४३ मिमी. पाच वॅगन म्हणजे ७१५. दोन सांधे मिळून ४००. तीन वॅगन आणि एक इंजिन म्हणजे ६२५. एकूण १७४०. सहा फूट म्हणजे १८२९ मिमी. दोन्ही टोकांना थोडी जागा उरते, तिथे बफर-स्टॉप, म्हणजे रूळ संपतो तिथली अडण.

आधी जुन्या वर्तमानपत्रावर खऱ्या मापात काढा आणि त्यावर वॅगनच्या मापाचे पुठ्ठे सरकवून डाव खेळून बघा. माझी लांब मार्गिका पहिल्यांदा चौदा मिलिमीटरने कमी पडली होती. कागदावर कळलं म्हणून वाचलो.

३. अवजारं आणि ती कुठून आणायची

मिरज हे दवाखान्यांचं गाव, सतारींचं गाव, आणि शेजारी सांगलीत सराफ कट्टा. या छंदाला याहून सोयीचा मुलूख मला माहीत नाही.

सर्जिकल दुकानातून: ३ नंबरचं ब्लेड-हँडल आणि ११ नंबरची ब्लेडं (ही टोकदार असतात, प्लॅस्टिक कापायला यांच्यासारखं काही नाही), दोन आर्टरी फोरसेप (कात्रीसारखे, पकड घट्ट धरून ठेवणारे चिमटे), एक बारीक चिमटा, २ आणि ५ मिलीच्या सिरिंजा, कापूस, आयसोप्रोपिल अल्कोहोल. वापरलेली ब्लेडं कचऱ्यात सुटी टाकू नका, जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवा.

सोनारी सामानाच्या दुकानातून: बारीक कानशींचा संच, चपटी आणि गोल तोंडाची पक्कड, हातात फिरवायचं छोटं ड्रिल आणि ०.४ ते १ मिमीची ड्रिलं. ड्रिलं पाच-पाच घ्या, मोडतात.

सतारीच्या तारा विकणाऱ्याकडून: बाजाची पोलादी तार. ही सुमारे ०.३० मिमी जाडीची असते. ८७ने गुणा, २६ मिमी येतात. खऱ्या इंजिनाच्या कठड्याची नळी साधारण एवढीच. मी महागडी परदेशी तार दोन वर्षं मागवत होतो आणि तीच वस्तू घरापासून चार गल्ल्यांवर वेटोळं करून टांगलेली होती. पोलादी तार सोल्डरचा डाग सहजी धरत नाही, ती फेविक्विकने बसवा. जिथे डाग द्यायचा तिथे पितळी तार घ्या.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून: २५ वॉटची सोल्डरिंग गन, ६०-४०ची सोल्डर तार, राळेची फ्लक्स (डाग नीट धरावा म्हणून लावायची), मल्टिमीटर.

हार्डवेअरमधून: ४००, ६०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर, एम-सील, फेविकॉल, दीड एमएमची आणि अर्ध्या एमएमची वायर, पोलादी पट्टी, गुण्या. व्हर्नियर कॅलिपर साधा चालेल, पण हवाच.

अंगासाठी, म्हणजे इंजिन-वॅगनच्या बाहेरच्या भागासाठी, सनबोर्ड ३ मिमीचा, आणि १ व अर्धा मिमी जाडीचा हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीनचा पत्रा. हा साइनबोर्ड करणाऱ्यांकडे मिळतो, नाव न कळल्यास "व्हॅक्यूम फॉर्मिंगचा पांढरा पत्रा" म्हणा. कातरून उरलेले तुकडे बऱ्याचदा तसेच देतात.

४. कागदपत्रं

छंदाला कसली कागदपत्रं, असं वाटेल. दोन ठिकाणी लागतात.

परदेशी पार्सल: ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा (आधार, पॅन), विकणाऱ्याचं बिल, आणि पैसे भरल्याचा पुरावा. पार्सलवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः सारखं ठेवा. माझं एक पार्सल वडिलांच्या नावाच्या आद्याक्षरावरून तीन आठवडे अडकलं होतं. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२०मध्ये २०वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३मध्ये ७० टक्क्यांवर गेलं होतं. वर बाकीचे कर आणि कुरिअरवाल्याचं हाताळणी शुल्क. म्हणून मागवण्याआधी त्या दिवसाचा दर बघा, आणि वस्तूची किंमत दुप्पट होईल असं धरूनच खिसा चाचपा. "गिफ्ट लिहून पाठवतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. माल अडकला की तो हात वर करतो आणि उत्तरं तुम्ही देता.

स्टेशन: फलाट तिकीट काढा आणि फलाटावरूनच बघा. माप घ्यायला रुळांत उतरू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७खाली विनापरवाना घुसणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि त्याआधी गाडी येऊ शकते. माप घ्यायची गरजही नसते. ब्रॉडगेजचा काँक्रीट स्लीपर २७५० मिमी लांब असतो. तो फोटोत आला की तीच तुमची पट्टी.

५. फळी

१२ मिमीचा प्लायवूड, खाली दोन बाय एकच्या लाकडी पट्ट्यांची चौकट, मध्ये दर दीड फुटावर आडवी पट्टी. सुतारमामांना मी चित्र दाखवलं तर ते बराच वेळ बघत राहिले. "दादा, ह्यो पाट हाय का पलंग?" मी म्हटलं, रेल्वे. त्यावर काही न बोलता त्यांनी चौकट मात्र अशी केली की अजून केसभर हललेली नाही.

इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत आणि जुलैत भिंतीला हात लावला तर ओला. लाकूड उन्हाळ्यात आटतं आणि पावसाळ्यात फुगतं. ही हालचाल रुळाच्या धातूपेक्षाही जास्त त्रास देते. म्हणून रूळ लावायच्या आधी फळीला दोन्ही अंगांनी आणि कडांना चपड्याचं पॉलिश द्या. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, सतारीला लावतात तीच. दोन हात पुरतात. फक्त वरून दिलंत तर फळी खालच्या अंगाने ओल पिते आणि केळीच्या पानासारखी वळते.

नदीकाठच्यांसाठी आणखी एक. २०१९च्या महापुरात सांगलीत काय झालं ते नव्याने सांगायला नको. फळी तीन-तीन फुटांच्या दोन तुकड्यांत करा, म्हणजे एका माणसाला उचलून माळ्यावर टाकता येईल. जोडावर दोन दाराच्या बिजागऱ्या आणि त्यांच्या काढता येणाऱ्या खिळ्या: स्वस्त आणि अचूक.

६. रूळ

फ्लेक्सी ट्रॅक घ्या, म्हणजे वाकवता येणारा. एक नग ९१४ मिमीचा, एका यार्डाचा. कोड १०० असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ रुळाची उंची इंचाचा शंभर हजारांश, म्हणजे २.५४ मिमी. कोड ८३ दिसायला जास्त खरा, पण पहिल्यांदा कोड १००च. जाड चाकांनाही तो चालतो. पोलादी रूळ स्वस्त मिळाले तरी घेऊ नका, पहिल्या पावसाळ्यात गंज. निकेल सिल्व्हरच घ्या.

क्रम असा ठेवा. आधी दोन्ही सांधे जागेवर ठेवा, मग त्यांना रूळ जोडा, उलट नाही. रूळ कापल्यावर टोक कानशीने घासा, खालच्या बाजूलाही, नाहीतर जोडपट्टी शिरत नाही आणि तुम्ही जोर लावता आणि ती अंगठ्यात शिरते. फेविकॉलचा पातळ थर, वरून औषधांच्या बाटल्यांचं वजन, रात्रभर.

जोडांवर फट ठेवा. मी जानेवारीच्या थंडीत रूळ टोकाला टोक लावून घट्ट बसवले होते. एप्रिलच्या एका दुपारी दुकानातून येऊन बघतो तर मधली मार्गिका सापासारखी वळलेली. लाकूड आटलं, रूळ वाढला, जायला जागा नाही. थंडीत लावत असाल तर प्रत्येक जोडात पाऊण मिमी सोडा, पोस्टकार्ड तिहेरी दुमडून मध्ये धरलं की साधारण तेवढं होतं. भर मेमध्ये लावत असाल तर अर्ध्याहून कमी पुरे.

आता बोट फिरवून बघा. डोळे मिटून प्रत्येक जोडावरून बोटाचं टोक न्या. जिथे बोटाला लागतं तिथे चाक उडी मारणार. ही परीक्षा झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तयार रुळांवरचे स्लीपर बहुधा अमेरिकी पद्धतीचे, दाट असतात. आपल्याकडे मुख्य मार्गावर ते साधारण ६० सेंमीवर, म्हणजे आपल्या मापात सात मिमीला एक. खालच्या प्लॅस्टिकच्या कड्या कापून स्लीपर सरकवता येतात. मी एका मार्गिकेत केलं, बाकी दोन तशाच आहेत. आजवर एकानेही ओळखलेलं नाही.

७. वीज

साधी १२ व्होल्ट डीसी. डीसीसी नावाचा डिजिटल प्रकार आहे, छान आहे, आत्ता नको. १२ व्होल्ट २ अँपिअरचा तयार, चांगल्या कंपनीचा अडॅप्टर घ्या. त्यापुढे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं पीडब्ल्यूएम मॉड्यूल आणि दिशा बदलायला सहा पायांचं डीपीडीटी बटण. घरातल्या २३० व्होल्टला स्वतः हात घालू नका. जुन्या टेपरेकॉर्डरचा ट्रान्सफॉर्मर काढून जोडू असा मोह होतो. तो आवरा.

रुळांच्या जोडपट्ट्यांवर विजेसाठी विसंबू नका. फळीखालून दीड एमएमच्या दोन वायरी, लाल आणि काळी, टोकापासून टोकापर्यंत न्या. त्यांतून अर्ध्या एमएमची फांदी प्रत्येक रुळाला डाग द्या, निदान दर तीन फुटांना एक. डाग रुळाच्या बाहेरच्या अंगाला. आतल्या बाजूला दिलात तर चाकाची कड त्यावर चढते.

डाग देताना स्लीपर वितळतात. इथे आर्टरी फोरसेप कामाला येतो. डागाच्या दोन्ही बाजूंना एकेक चिकटवा, खाली ओल्या कापसाचा बोळा. उष्णता तोच पितो. गन तीन सेकंदांहून जास्त टेकवायची नाही. डाग धरत नसेल तर रूळ पॉलिश पेपरने घासा, गन दाबून काही होत नाही. आणि पत्र्याच्या कामाची आम्लाची फ्लक्स रुळाला कधीही लावू नका, सहा महिन्यांत हिरवी भुकटी निघते. खिडकी उघडी ठेवा, सोल्डरमध्ये शिसं असतं, काम झालं की हात धुवून मगच चहा.

प्रत्येक फांदी जोडल्यावर मल्टिमीटर लावा. शेवटी एकदम तपासू म्हणालात तर वीस डागांत एक चुकलेला शोधायला रविवार जातो.

८. खडी, म्हणजे माझी फजिती

खरी खडी साधारण ६५ मिमीपर्यंतची. आपल्या मापात पाऊण मिमीच्या आत. ही विकत कशाला आणायची, कृष्णाकाठी राहतो आपण, असं म्हणून मी मूठभर वाळू आणली, धुतली, चाळली, पसरली, चिकटवली. फार सुंदर दिसली. चौथ्या दिवशी इंजिन कुरकुरलं, पाचव्या दिवशी थांबलं. उघडून बघतो तर मोटरच्या चुंबकाला काळ्या कणांची दाढी आलेली.

आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. त्या दगडातलं लोहचुंबकी खनिज झिजून नदीच्या वाळूत येतं. क्रशरच्या बारीक कचेतही ते असतंच. वापरायची तर अशी वापरा: आधी रव्याच्या चाळणीतून, मग खाली पडलेली मैद्याच्या चाळणीवर घ्या, तिच्यावर उरेल तो माल ठेवा. धुवा, उन्हात वाळवा. मग जुन्या स्पीकरचं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ते वाळूत फिरवा. पिशवी उलटी करून झटका. पुन्हा. काळं येणं थांबेपर्यंत. माझ्या एका वाटीला चौदा फेऱ्या लागल्या. चाळण्या नव्या विकत आणा, स्वयंपाकघरातल्या नेऊ नका. हा सल्ला अनुभवाचा आहे, तपशील विचारू नका.

खडी कोरडी पसरा, मऊ ब्रशने स्लीपरच्या वर राहिलेले कण खाली ढकला. सिरिंजने आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंब-थेंब सोडा. मग एक भाग फेविकॉल आणि दोन भाग पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. अल्कोहोल आधी दिलं नाही तर गोंदाचा थेंब खडीवर पाऱ्यासारखा गोळा होऊन लोळतो. सांध्याच्या पात्यांपाशी दोन सेंमी जागा सोडा, तिथे गोंद गेला की सांधा कायमचा एकाच गावाला जातो.

९. पहिला वॅगन: पाण्याचा टँकर

इंजिनाआधी वॅगन करा. चुकला तरी शंभर-दोनशे रुपयांत सुटतो.

मिरजेच्या माणसाने टँकर करावा, याला कारण आहे. एप्रिल २०१६मध्ये लातूरला पाणी नव्हतं, तेव्हा कृष्णेचं पाणी घेऊन जलदूत ही पाण्याची रेल्वे मिरजेतूनच गेली. पहिल्या खेपेला दहा टँकर, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास टँकरांची गाडी. टँकर कोट्याच्या वर्कशॉपमधून आतून साफ होऊन आले होते. स्टेशनबाहेर माणसं लहान पोरांना खांद्यावर घेऊन ती गाडी बघत होती. मीही होतो त्यात.

टाकीसाठी प्लंबरकडचा ३२ मिमी बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाइप. ३२ गुणिले ८७ म्हणजे २.७८ मीटर, खऱ्या टँकरच्या टाकीशी जमतं. पाइप १३० मिमी कापा. काटकोनात कापायला पाइपाभोवती कागद गुंडाळून त्याच्या कडा जुळवा, त्या कडेने करवत.

टाकीची टोकं सपाट नसतात, थोडी फुगीर असतात. सनबोर्डची चकती टोकात बसवा, त्यावर एम-सीलचा थर, ओल्या बोटाने गोलाई द्या. वाळल्यावर आधी ४००, मग ६००. मी आधी पिंगपाँगचा चेंडू कापून लावला होता. तो फार फुगीर होतो, टँकर गॅसच्या टाकीसारखा दिसतो.

वर झाकणासाठी इंजेक्शनच्या बाटलीची रबरी बुचं. शिडीसाठी बाजाची तार. ही तार पाइपात बसवताना आधी सुईने खूण, मग ०.४चं ड्रिल, मग तार, मग टाचणीच्या टोकावर घेतलेला फेविक्विकचा थेंब. ट्यूबमधून थेट लावलंत तर डाग दिसतो.

बोग्या आणि चाकं विकतची घ्या, धातूच्या चाकांची. दोन चाकांच्या आतल्या अंगांमधलं अंतर व्हर्नियरने तपासा: १४.४ ते १४.५ मिमी. स्वस्तातल्या चाकांत हे हमखास चुकतं आणि मग सांध्यावर गाडी पडते, आणि आपण सांध्याला शिव्या घालतो.

आता वजन. हलका वॅगन मागे ढकलताना उतरतो. अमेरिकी हौशींचा चांगला नियम आहे: २८ ग्रॅम, अधिक दर इंच लांबीला १४ ग्रॅम. आपला वॅगन ५.६ इंच, म्हणजे सुमारे १०७ ग्रॅम. पाइपाच्या तळाशी नट एम-सीलने चिकटवा आणि टोकं बंद करण्याआधीच तोला. मी विसरलो होतो, म्हणून माझ्या तीन नंबरच्या टँकरच्या पोटाला एक चौकोनी ठिगळ आहे.

१०. इंजिन

डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन करा. अमेरिकेच्या अल्को कंपनीचं डिझाइन, १९६२पासून भारतात, १९६४पासून वाराणसीच्या कारखान्यात बांधलेलं, २६०० अश्वशक्ती. आपल्या पिढीच्या कानात रेल्वेचा जो आवाज आहे तो याचाच. जलदूतला हे लावलं की हुज्जत घालणारे भेटतात, त्यांना चहा पाजा.

मापं: लांबी १७,१२० मिमी, म्हणजे आपलं १९७. रुंदी ३३, उंची ४८. चाक १०९२चं, म्हणजे साडेबारा. बोगीतली चाकं सारख्या अंतरावर नसतात, दोन जवळ आणि एक लांब. अल्कोच्या जुन्या अमेरिकी इंजिनांचीही तीच तऱ्हा, म्हणून एखाद्या सहा चाकजोड्यांच्या अल्को मॉडेलची चालती चासी मिळाली तर अर्धं काम झालं. अंग तुटलेली, रंग उडालेली इंजिनं स्वस्त मिळतात. तीच घ्या, पण मोटर चालताना दाखवणारा व्हिडिओ मागा.

चासी स्वतः करायचीच असेल तर एन-२० नावाची छोटी गिअरमोटर मिळते. किती आरपीएमची घ्यायची? ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. भागिले ८७, १९ सेंमी. साडेबारा मिमीच्या चाकाचा परीघ ३.९ सेंमी. म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाच फेरे, मिनिटाला तीनशे. १२ व्होल्टला ३०० आरपीएमची मोटर घ्या, शंटिंगला २०० पुरे. मोठा आकडा चांगला समजून १००० आरपीएमची घेणारे पाहिलेत, त्यांचं इंजिन यार्डातून उडून गादीवर जातं.

अंग १ मिमी पत्र्याचं. आधी तळाचा पाट, मग केबिन, मग लांब हूड (यंत्रावरचं पेटीसारखं झाकण). सगळं सुटं ठेवा, रंगाआधी चिकटवू नका. पत्रा आरपार कापायचा नसतो: ब्लेडने दोनदा हलकी रेघ मारा आणि दुमडा, काचेसारखा सरळ तुटतो. हूडवरच्या जाळीच्या झडपा सगळ्यात वेळखाऊ. अर्धा मिमी पत्र्याच्या १ मिमी पट्ट्या एकावर एक तिरक्या चिकटवा. एका बाजूला मला चार रात्री लागल्या. दुसऱ्या बाजूला सहा, कारण पहिल्यासारखी दिसायला हवी होती. खिडक्यांच्या काचा धुतलेल्या एक्स-रे फिल्मच्या. ब्लीचच्या पाण्यात ठेवली की फिल्म पारदर्शक होते, हातमोजे घाला.

११. रंग आणि धूळ

प्राइमरशिवाय रंग नाही, आणि पीव्हीसीला ६००ने घासल्याशिवाय प्राइमर नाही. पावसाळ्यात स्प्रे मारू नका, रंगावर दुधी साय येते. रुळांच्या बाजूंना गंजाचा तपकिरी रंग द्या आणि वरचा माथा लगेच पुसा. एवढ्या एका गोष्टीने फळी खेळण्यातून उठून स्टेशन होते.

स्टेशनची पिवळी पाटी घरच्या प्रिंटरवर काढा, काळी अक्षरं, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. ती उंची खऱ्या पाटीवरूनच उतरवून घ्या, अंदाजे आकडा टाकलात तर कुणीतरी मिरजकर तो पकडतोच.

सांगलीचा मालधक्का करत होतो, तेव्हा हळदीच्या पोत्यांभोवती सांडलेली हळद दाखवायची कल्पना सुचली. खरी हळद टाकली. आठवडाभर दिमाखदार दिसली, मग उन्हाने उडून मळकट झाली. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, हे हळदीच्या बाजारपेठेत राहून मला कळायला हवं होतं. पिवळ्या खडूची भुकटी वापरा. मातीसाठी वाळलेली चहा पावडर चालते, पण तव्यावर कोरडी करून, नाहीतर जुलैत तिला बुरशी येते.

१२. पावसाळ्याआधी

जूनच्या पहिल्या आठवड्यात रूळ आयसोप्रोपिलने भिजवलेल्या सुती फडक्याने पुसा, पॉलिश पेपरने नव्हे, त्याचे ओरखडे मळ धरतात. फळीवर जुनी सुती साडी घाला, प्लॅस्टिक नको, आत घाम धरतो. इंजिन आणि वॅगन झाकणाच्या डब्यात. त्यात गोळ्यांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, डब्यामागे चार-पाच. बाटली संपली की लोक ती पुडी फेकून देतात. ओळखीच्या औषधवाल्याला सांगून ठेवा, महिन्याभरात वाटीभर जमतात.